बावीस पावलं

मळीकांच्या शेताच्या मधोमध डांबर आहे.
अलीकडे चार कुणगे, पलीकडे सहा,
आणि मधली बावीस पावलं सरकारची.

अलीकडे ट्रॅक्टर निमिषा चालवते.
पलीकडेही निमिषाच.
सोळा सरून पाच महिने झाले तिला.
रोटावेटर किती खाली सोडायचा
हे तिला मातीच्या आवाजावरून कळतं,
आणि कोपऱ्यावर ती असा वळवते
की मेरेवरचा बगळासुद्धा उठत नाही.
डांबराच्या काठाला आली मात्र
की इंजिन बंद करते, खाली उतरते
आणि माझ्या घराकडे तोंड करून शीळ घालते.

मग मी जातो.
माझ्याकडे लायसन्स आहे ना. हेवी, बॅजसकट.
टिपर नाही. टिपर बँकेने नेला,
खाण बंद पडली त्याच्या दुसऱ्या वर्षी.
लायसन्स कोणी ओढून नेत नाही, ते खिशात राहतं.

मी चढतो. पहिला गिअर. बावीस पावलं.
ती बाजूने चालत येते, हातात चपला,
दोन्हीकडे बघत, शाळेत शिकवलं तसं.
पलीकडे मी उतरतो, ती चढते.
"देव बरें करूं, मामा."
आणि मी परत माझ्या गार झालेल्या चहाकडे.

आरटीओत जाऊन आलो आम्ही,
ती, तिची आई आणि मी.
खिडकीतला माणूस वाईट नव्हता. पंखा आमच्याकडे वळवला त्याने.
म्हणाला, सोळाव्या वर्षी मिळतं ते बिनगिअरच्या गाडीचं,
पन्नास सीसीच्या आतल्या.
"ती गाडी डिचोलीत कुठे मिळते?" आईने विचारलं.
"आता कंपन्या काढत नाहीत बहुतेक."
"मग शेतापुरता काही कागद?"
"शेतात कोण विचारतं बाई, शेतात चालवू दे."
"मध्ये रस्ता आहे."
"मग रस्त्यावर नको."
येताना बसमध्ये मी पुन्हा पुन्हा जुळवून बघितलं.
त्याचं कुठेच चुकलं नव्हतं.

बाप पणजीला, कसिनोच्या बोटीवर, रात्रपाळीला.
पहिल्या बसने येतो
शर्टाला दुसऱ्यांच्या सिगारेटी घेऊन
आणि दुपारपर्यंत झोपतो.
वायंगण त्याच्या झोपेसाठी थांबत नाही,
सोसायटीचा ट्रॅक्टर तर वाड्यावर दोनच दिवस.

एक गोष्ट मी निमिषाला सांगितलेली नाही.
हा रस्ता रुंद केला तो आमच्यासाठी.
दिवसाला सात खेपा, मागे दहा टन,
ताडपत्री कधी असायची, कधी नसायची.
तिच्या आजोबांचं भात त्या साली लाल झालं,
पिकून नव्हे.
ते मेरेवर उभे राहून हात वर करायचे.
मला वाटायचं, ओळख देतात.
मी हॉर्न द्यायचो.
तेव्हाही माझं लायसन्स खरंच होतं,
फोटो, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी.

परवा सिलिंडरच्या रांगेत मला उशीर झाला.
येऊन बघतो तर ट्रॅक्टर पलीकडे,
अर्धा कुणगा उलथून झालेला,
आणि डांबरावर ओल्या चिखलाच्या दोन रेघा,
सरळ, सुतात, कुठे म्हणून डगमग नाही.
माझ्या पहिल्या वर्षी माझ्याही अशा नव्हत्या.
तिने माझ्याकडे बघितलं.
मी रेघांकडे.
लांबून पोदेराचा भोंगा वाजत होता
आणि त्याच्याही मागून काहीतरी जड येत होतं.

मी डांबरावर उतरलो,
चपलेने रेघा पुसायला लागलो.
चौदा पावलांपर्यंत पुसल्या असतील.
गाडी वळणावर दिसली.
मी हात वर केला, जरा थांब म्हणून.

त्याने हॉर्न दिला.